प्रमुख अन्वेषक

अर्जदार कायमस्वरूपी पदावर असावा.
मी तासावर.
जुलैत कुणीतरी फोन करून या म्हणतं,
एप्रिलात कुणी काही न म्हणता संपते.
मधल्या महिन्यांत कॉलेजच्या कागदावर मी कुठेच नसते.
असते कालावलच्या खाडीत,
पोटरीभर चिखलात, चपला हातात,
भागी टिकमच्या चार पावलं मागे.

वय चाळीसच्या आत.
मला एक्केचाळिसावं लागलं गेल्या गणपतीत.
महिलांना तीन वर्षांची सूट आहे,
पण तीही कायमस्वरूपी महिलांना.

सुकती लागायची वाट बघत
होडीच्या काठावर बसून
मी तिला सगळं वाचून दाखवलं.
"मगे डागतरांचा नाव घाल," ती म्हणाली.

डॉक्टर नाईकधुरे. विभागप्रमुख.
निवृत्तीला तीन वर्षं दोन महिने,
म्हणजे नियमात बसतात, जेमतेम.
माणूस वाईट नाही,
सही मागायला गेलं की चहा पाजतात.
खाडीवर आले होते एकदा.
फोटो पुलावरूनच काढला,
बूट नवे होते.

भागीकडे कॅलेंडरं आहेत,
एकोणीस वर्षांची, एकाच खिळ्याला, एकावर एक.
तारखेच्या चौकटीत पेन्सिलीच्या रेघा:
उभी म्हणजे टोपलीभर तिसऱ्या,
आडवी म्हणजे हात हलवत परत.
वाळूचे पंप आले त्या वर्षी
पानंच्या पानं आडवी,
चुलीपाशी रचलेल्या काटक्यांसारखी.
धाकट्याच्या बारशाचा दिवस कोरा आहे.
तेवढाच.
आम्ही याला विदा म्हणतो.
भागी म्हणते, रेघो.

मग अर्जात तिच्यासाठी जागा शोधायला लागले.
सहअन्वेषक: पदव्युत्तर पदवी, प्रथम वर्ग.
प्रकल्प सहायक: नेट किंवा सेट.
क्षेत्र सहायक: बारावी, विज्ञान.
भागी चौथी, तीही अर्धी,
शाळेकडे जाणारी होडी फुटली ती फुटलीच.
शेवटी सापडली. अंदाजपत्रकात, परिशिष्ट ब,
झेरॉक्स आणि किरकोळ यांच्या मधोमध:
मजुरी, अकुशल, प्रतिदिन.

हा एक शब्द मी वाचताना गाळला.
तिचं लक्षही नव्हतं. पाणी उतरलं होतं,
ती टाचेने तळ चाचपत पुढे निघालेली.
पाय टेकला की तिला कळतं खाली काय आहे.
मला अजून
खडा आणि तिसरी सारखीच लागते.

टोपली भरत आली तशी निवडायला बसली.
एकेक शिंपला तर्जनीला लावायची,
पहिल्या पेराहून लहान तो परत पाण्यात.
"ही नाय. हिका अजून एक पावसाळो होयो."
"माप कोणी ठरवलं हे?" मी वही उघडली.
"आवशीन."
दोन-तीन शिंपले गेले मधे.
"पण तिचा माप दोन पेरा.
मी एका पेरार इलंय."
आणि बोट पदराला पुसलं.

मी तारीख टाकून लिहून घेतलं.
आजवर माझ्या वहीत
इतकं सरळ वाक्य आलं नव्हतं,
आणि ते माझं नव्हतं.

शेवटची तारीख, संध्याकाळी पाच.
आचरा तिठ्यावरच्या सायबरमध्ये, पंख्याखाली,
प्रमुख अन्वेषकाच्या रकान्यात नाईकधुऱ्यांचं नाव घातलं.
माझं आभारात.
"अकुशल" खोडायला गेले.
खोडता येत नाही, यादीतून निवडावा लागतो.
खाली एकच दुसरा पर्याय, "इतर".
इतर निवडलं
तर दराचा रकाना आपोआप कोरा झाला.

पाचला सात कमी होते.
पोरगा म्हणाला, मॅडम, लाइट जाईल हां.

मी परत अकुशल निवडलं.
दिवस घातले नव्वद.